विरोधाची खुर्ची

शनिवारी दुपारी आम्ही जेवून उठत होतो, तेवढ्यात अमेरिकेतून दादाचा फोन आला. त्याच्याकडे तेव्हा नुकतं उजाडलेलं. कसं काय वगैरे काही नाही, एकदम मुद्द्यावर.

"अगं, तुझा तो साहेब राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहतोय. तू त्याच्या हाताखाली होतीस ना? चांगला माणूस आहे म्हण, बस. मला तेवढंच पाहिजे."

बातमी मला आधीच लागली होती. साहेब म्हणजे माझे जुने बॉस. लंडनला हीथ्रो विमानतळाजवळ आमची मालवाहतुकीची कंपनी होती, तिचे ते इथले प्रमुख. पुढे अमेरिकेला परत जाऊन अख्ख्या कंपनीचे प्रमुख झाले. ऑफिसात सगळे त्यांना नावानेच हाक मारायचे. 'साहेब' हे आमचं हाउन्सलोच्या घरातलं नाव, तेही नवऱ्याने मला चिडवायला काढलेलं. तर साधी कौन्सिलचीही निवडणूक कधी न लढवलेला हा माणूस आता तिथल्या परंपरावादी पक्षाकडे उमेदवारी मागायला निघाला होता, आणि समोर एकाहून एक मुरलेले राजकारणी.

दादाला एवढी घाई का, तेही सांगते. तो बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला म्हणून तिकडे मक्या-सोयाबीनच्या राज्यात गेला आणि तिथलाच होऊन गेला. वर्षानुवर्षं हॉलमध्ये खुर्च्या मांडून, कॉफी ओतून, बर्फात दारोदार फिरून त्याने पक्षाच्या जिल्हा कमिटीत जागा मिळवली होती. आपला माणूस त्या कमिटीत तो एकटाच. तिथे उमेदवार ठरवायची पद्धत मोठी मजेची आहे. ऐन थंडीत एका संध्याकाळी आजूबाजूचे लोक शाळेच्या हॉलमध्ये जमतात, प्रत्येक उमेदवारासाठी त्यांच्यातलाच कोणीतरी उभा राहून दोन शब्द बोलतो, मग चिठ्ठ्या टाकतात. सगळी कमिटी एका सिनेटरच्या मागे होती. दादाला मात्र साहेबांसाठी बोलायचं होतं. कमिटीच्या अध्यक्षांनी त्याला गोड शब्दांत बजावलं होतं, की बोललास तर पुढच्या निवडीत तुझी जागा धरून चालू नकोस. म्हणजे चुकीच्या माणसासाठी उभा राहिला, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

माझा दादा सल्ला विचारतो तेव्हा त्याला होकार हवा असतो. बाबा लवकर गेले, तेव्हापासून घरातलं सगळं त्यानेच ठरवलं. माझं शिक्षण, घराची विक्री, सगळं. प्रेमाने ठरवलं, पण ठरवलं त्यानेच. या फोनच्या सुमारासही नागपूरच्या आईला कायमचं अमेरिकेला न्यायचं त्याने ठरवून टाकलं होतं. तिकीटसुद्धा काढलं होतं. आईला जायचं नव्हतं. ती माझ्याजवळ फोनवर रडायची आणि त्याच्यासमोर बरं बरं म्हणायची. दादापुढे बोलायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

म्हणूनच मला साहेबांचं इतकं अप्रूप होतं. त्यांच्या मीटिंगमध्ये एक खुर्ची विरोधाची असायची, खिडकीजवळची, एक हात मोडलेली. त्या दिवशी जो तिच्यात बसेल त्याने साहेबांच्या म्हणण्याच्या विरुद्ध बोलायचं. पटत असलं तरी बोलायचंच. आळीपाळीने सगळ्यांना बसावं लागे. माझी पाळी आली तेव्हा "आयडिया छानच आहे, फक्त एक छोटीशी शंका," असं काहीतरी गुळमुळीत बोलले मी. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की तू माझीच री ओढते आहेस, आज तुझं ते काम नाही. असा राग आला मला! घरी येऊन नवऱ्यापुढे आदळआपट केली. पगार घेऊन वर साहेबाशी भांडायचं, ही कसली नोकरी?

पुढच्या खेपेला मात्र मी सोडलं नाही. सकाळची शिफ्ट आणखी लवकर सुरू करायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, तुम्ही गाडीने येता. आमची निम्मी माणसं बसने येतात, आणि इतक्या लवकर त्यांना बसच नाही. साहेब हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पहिल्या बसने आले. गेटवर पोचले तेव्हा ओव्हरकोट भिजलेला, घड्याळात बघत उभे, नव्या शिफ्टची वेळ कधीच टळून गेलेली. आत आल्या आल्या त्यांनी तो बेत रद्द केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की ती बरोबर होती. सांगते तुम्हाला, आयुष्यात मला एवढं मोठं कोणी केलं नव्हतं.

सगळंच काही मला पटायचं नाही. नॉटिंगहॅमचा डेपो त्यांनी आमचं कोणाचंही न ऐकता बंद केला. पण ते सांगायला दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही, स्वतः गेले आणि लोकांच्या शिव्या उभ्याने ऐकून घेतल्या. आता निवडणुकीच्या भाषणांत ते बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दल असं काही बोलत होते, की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. व्हिसावर आलेल्यांनीच तुमचं वेअरहाउस चालवलं ना? नवरा म्हणाला, टीव्हीसमोर उभी राहून त्यांच्याशी भांडतेस, आणि कोणी त्यांना नावं ठेवली की त्यांची आरती ओवाळतेस. दोन्ही खरं होतं.

दादाला मी दोन दिवसांनी फोन केला. नुसतं हो म्हणणं फार सोपं होतं. पण त्याची जागा पणाला लागलेली, आणि प्रश्न साहेबांचा. मी त्याला सगळं सांगितलं. खुर्ची, बस, डेपो, आणि मला लागलेलं ते भाषण. मग मी म्हणाले, "दादा, तो माणूस चांगला आहे, पण समोर कोणीतरी नाही म्हणणारा असला तरच. सभेत सगळे टाळ्याच वाजवतात. तू जाऊन आधी बघ, ती खुर्ची अजून आहे का. नसेल तर नको बोलूस."

"तुला विचारलं काय आणि तू सांगतेस काय," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आठवडाभर बोलला नाही. मला वाटलं, झालं, आता हा माझं तोंड बघणार नाही.

पण गेला, आणि नंतर त्यानेच फोन करून मला सगळं सांगितलं. तिथल्या चर्चच्या तळघरात साहेबांची छोटी सभा होती, कॉफी आणि केक वगैरे. दादाने हात वर करून विचारलं, की तुमच्या ऑफिसात विरोधाची खुर्ची होती म्हणे, ती आता कुठे आहे? साहेब म्हणाले, प्रचाराला निघाल्यापासून तिच्यात कोणी बसलेलं नाही. मग त्यांनी समोरची एक खुर्ची ओढली आणि दादाला म्हणाले, बसा.

माझा दादा, ज्याच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही, तो त्या खुर्चीत बसला. सरकार म्हणजे कंपनी नव्हे, हे तो बोलला. तुम्हाला हरायची सवय नाही, हेही बोलला. आणि मग म्हणाला, बाहेरून आलेल्यांबद्दल तुम्ही जे बोलता, त्याने माझी बहीण दुखावली आहे, आणि तिने तुमच्याइतकीच मेहनत केली आहे. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, पहिलं मला पटत नाही, दुसरं खरं आहे, तिसऱ्यावर विचार करावा लागेल. भाषणातलं ते वाक्य त्यांनी पुढे काढलं का? नाही, दुसऱ्या दिवशीच्या सभेत ते होतंच. मी ऐकलं आणि पुन्हा चिडले. पण भर सभेत असं ऐकून घेणारा दुसरा उमेदवार मला दाखवा.

शाळेच्या हॉलमधल्या त्या संध्याकाळी काय झालं, ते दादाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तो उभा राहिला आणि त्याने आधी साहेबांना मत का देऊ नये, तेच सांगितलं. लोक हसायला लागले. उमेदवारासाठी बोलायला उठलेला माणूस असं कधी बोलतो का! कमिटीच्या अध्यक्षांनी मान वळवली. मग दादा म्हणाला, की हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे आणि त्यांनी बसून ऐकलं आहे, म्हणून माझं मत त्यांना.

साहेबांच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या मूठभरच. थोड्याच दिवसांत साहेबांनी माघार घेतली. सरळ, कोणावर खापर न फोडता. मला फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. मग एकदा दादाचा पुन्हा फोन आला, त्याची कमिटीवरची जागा गेली होती. पुढच्या निवडीत त्याचं नाव कोणी सुचवलंच नाही. खुर्च्या मांडायला मात्र अजून बोलावतात, असं तो हसत म्हणाला, पण त्या हसण्यात दम नव्हता. तुझ्यामुळे झालं, असं तो म्हणेल, हीच मला भीती होती.

 पण तो म्हणाला, "आईचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. तू त्या खुर्चीत बस. का नको, ते सांग."

मी बोलले. आईचं देवळातलं भजन, शेजारच्या काकू, तिची गुडघेदुखी, ती फोनवर रडते ते, सगळं. गुळमुळीत काही बोलले नाही. शेवटी त्याने फक्त विचारलं, "रडते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते, तेव्हा नागपूरहून आईचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"अगं, दादाने फोन केला होता. मला विचारत होता, आई, तुला काय हवंय," ती म्हणाली. "त्याची तब्येत बरी आहे ना गं?"