सफरचंदांच्या शेजारी सहा आठवडे

बायकोच्या दहाव्याला कावळा अर्ध्या मिनिटात शिवला. जमलेल्या नातेवाइकांना फार बरं वाटलं. "बघा, काही इच्छा उरली नव्हती तिची," तिची थोरली बहीण डोळे पुसत म्हणाली. आमच्याकडचे कावळे वाशीच्या घाऊक बाजारावर पोसलेले, ते कशालाही शिवतात. तिची एक इच्छा उरली होती आणि ती माझ्यामुळे उरली होती, हे त्या पक्ष्याला कोण सांगणार?

ती इच्छा आमच्या बाल्कनीत कुंडीत उभी होती. पाच वर्षांपूर्वी तिने महाबळेश्वरहून हायड्रेंजियाचं रोप आणलं, तेव्हा त्यावर फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा निळ्या फुलांचा गुच्छ होता. तो वाळला आणि नंतर नुसती पानं. मोठी, तजेलदार, निर्लज्ज पानं. मी त्याला अळू म्हणायचो. पाहुण्यांसमोर विचारायचो, "आज फदफदं करायचं का?" पाहुणे हसायचे, ती नाही. तिने वाचून काढलं होतं की या झाडाची कळी पावसाळ्यानंतर फांदीच्या टोकात तयार होते, पण पाच-सहा आठवडे चांगली थंडी मिळाल्याशिवाय बाहेर येत नाही. वाशीचा हिवाळा म्हणजे पंखा पाचावरून तीनवर. झाड वाट बघत राहायचं आणि मार्च उजाडायचा.

उपाय तिनेच शोधला. आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक सफरचंदांचे व्यापारी राहतात. त्यांचा माल तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. "अहो, त्यांना विचारा ना, एक कुंडी ठेवतील का," ती म्हणाली. पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलेला माणूस शेजाऱ्याच्या दारात जाऊन झाडासाठी थंडी मागणार?

"लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू देत. अळूवर हसवताच की तुम्ही त्यांना."

पुढच्या हिवाळ्यात बघू, असं मी म्हटलं. त्याआधी श्रावण आला आणि ती गेली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कुंडी उचलून खाली गेलो. व्यापाऱ्यांनी दार उघडलं, आधी कुंडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, बसा आधी. पाणी घ्या."

"या झाडाला सहा आठवडे थंडी द्यायची आहे. तिची इच्छा होती."

"आवो, मग हे आधी न्हाई का सांगायचं! वैनी सारख्या विचारायच्या, आत किती डिग्री असतं, लाइट चालू ठेवता का बंद. मला वाटलं, धंद्यात उतरतायत का काय."

तुर्भ्याला हमालांनी कुंडी सफरचंदांच्या पेट्यांशेजारी ठेवली. "मास्तर, पाहुण्याला शाल द्यायची का?" एकाने विचारलं. "आरं, शाल कशाला? थंड हवेला आलंय ते," दुसरा म्हणाला, "जाताना आमालाबी न्या म्हणावं." सगळे खो खो हसले. मी वाट पाहिली, पण मला काहीही झालं नाही. एवढ्यासाठी मी तिला एक हिवाळा थांबवलं होतं.

दर शनिवारी मी कपभर पाणी घालायला जायचो. भर दुपारी स्वेटर आणि कानटोपी घालून रिक्षातून उतरणारा म्हातारा तुर्भ्याने पूर्वी पाहिला नसावा. चौथ्या शनिवारी कुंडीत फक्त चार काड्या उभ्या होत्या. पानं सगळी खाली पडलेली.

व्यापाऱ्यांनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं, सर. सफरचंद गॅस सोडतं. शेजारी कच्ची केळी ठेवली तर पिकतात, पालेभाजी पिवळी पडते. मालाचं ध्यानात असतं, पन झाडाचं डोक्यातच आलं न्हाई."

मी घरी आलो. जिवंतपणी तिला फूल दिलं नाही आणि आता पानंही घालवली. एवढं सगळं एकाच माणसाने करायचं म्हणजे कर्तबगारीच. तिचं बागकामाचं पुस्तक काढलं. मला सांत्वन नको होतं, काड्या फेकायच्या की छाटायच्या, एवढंच बघायचं होतं. या झाडाच्या प्रकरणात काही ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. थंड मुलुखात हे झाड हिवाळाभर असंच उघडंवाघडं असतं. कुंडीतल्या झाडाची पानं गळावीत म्हणून माळी मुद्दाम जवळ सफरचंदं ठेवतात. काड्या मात्र छाटायच्या नाहीत, कळी टोकात असते. समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : "पानं गळली की हे घाबरणार. कात्री लपवणे."

कात्री मला अजून सापडलेली नाही.

जानेवारीच्या मध्यावर कुंडी परत आली, पूर्वेच्या बाल्कनीत, सावलीत. फेब्रुवारीत टोकं फुगली. मार्चच्या अखेरीस गुच्छ उमलला. निळा नव्हता; मातीप्रमाणे या फुलाचा रंग बदलतो, हेही त्याच पुस्तकात होतं. लग्नाच्या हॉलमधल्या सोफ्यासारखा भडक गुलाबी, जो रंग तिला डोळ्यांसमोर नको असायचा. तिची बहीण फोनवर म्हणाली, "फोटोला वाहा." मी तोडला नाही. तो रंग तिच्या फोटोवर ठेवायची माझी हिंमत नव्हती.

त्या सकाळी खुर्ची ओढून मी त्याच्यासमोर बसलो. "अळू नव्हतं ते," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी चमकून पाहिलं आणि मग तोंड फिरवून हसू लागल्या.