भामरेंचा चष्मा

भामरे आजारी माणसाला भेटायला जाताना चष्मा घरी ठेवून जात. नंबर मोठा असल्यामुळे ते एकदा सलाइनच्या स्टँडला धडकले होते आणि एकदा भलत्याच खाटेवरच्या बाईंना "मुलगा झाला, अभिनंदन" म्हणून आले होते. बाईंचं ॲपेंडिक्स काढलेलं होतं. तरी ते ऐकत नसत. कारण टीव्हीवरच्या मालिकांत भामरे डॉक्टर होत, आणि तोही एकाच प्रकारचा: ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येणारा, चष्मा काढणारा आणि मान हलवणारा. सिल्वासात हा डॉक्टर सगळ्यांना ठाऊक होता. चष्म्यासकट ते वॉर्डात शिरले की नातेवाइकांचे चेहरे उतरत.

एरवी ते अथालजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. गाव जळगावकडचं. नट व्हायचं त्यांच्या मनात कधी नव्हतं. ते माझ्या मनात होतं. मी मूळचा कोकणातला, इथल्या मराठी शाळेत मास्तर, आणि गणेशोत्सवातल्या नाटकांचा कायमचा दिग्दर्शक व नायक, कारण दुसरं कुणी तयार नसे. खानवेलच्या रस्त्यावर एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग आलं तेव्हा मी इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या रांगेत उभा होतो. भामरे केवळ माझ्या आग्रहाखातर, शिफ्ट सुटल्यावर पांढऱ्या कोटातच आले होते. डॉक्टर होणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकाने गर्दीवर नजर फिरवली, मी छाती पुढे काढली, आणि त्याचा सहायक मला म्हणाला, "भाईसाब, जरा हटो, पीछेवाले कोट को आने दो."

भामरेंना एकच वाक्य होतं. ते बोलण्याआधी त्यांनी चष्मा काढला, कारण घाबरून काचांवर घाम उतरला होता. दिग्दर्शक खूश झाला आणि त्या घामावर भामरेंची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली. रजा टाकायची, वापीहून मुंबई गाठायची, एक माणूस मारायचा आणि सकाळच्या शिफ्टला हजर व्हायचं. मला त्यांचा हेवा वाटे, आणि त्याहून जास्त ते मला आवडत.

मी चेष्टा केली की म्हणत, "हसा सर, हसा. पन मले आजवर एक पेशंट वाचवू दिला नाही भो कोनी." ही त्यांची खरी खंत होती. 'पेशंट आता धोक्याबाहेर आहे' हे वाक्य त्यांना एकदा तरी कॅमेऱ्यासमोर म्हणायचं होतं. कारखान्यात ते रंगाच्या नमुन्यांना म्हणून बघायचे. धीर करून एका दिग्दर्शकाला विचारलंही, तर तो म्हणाला, चांगली बातमी द्यायला ओळखीचा चेहरा लागतो. "मंग माझा काय अनोळखी आहे? माझं तोंड पाहून बाया रडतात," भामरे मला सांगत होते. हसत होते, पण वाईट वाटलेलं लपत नव्हतं.

संधी त्यांना माझ्यामुळे मिळाली. माझ्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं. मी व्हरांड्याच्या टोकाला डोळे मिटून बसलो होतो. जे स्तोत्र मुलांकडून धाक दाखवून पाठ करून घेतो, ते माझंच दुसऱ्या ओळीपुढे सरकत नव्हतं. भामरे दाराशी थांबले होते, गडबडीत चष्मा घालूनच आलेले. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर त्यांच्याशी बोलून आत वळत होते आणि भामरे माझ्याकडे निघाले होते. चाल तीच, टीव्हीवरची. समोर येऊन थांबले, हात सवयीने वर गेला आणि चष्मा निघाला. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा ते माझ्या तोंडावर पाणी मारत होते.

"अहो, वहिनी धोक्याबाहेर आहेत," ते वैतागून म्हणाले. "उभ्या जल्मात एकदा चांगलं वाक्य भेटलं, आन् तुम्ही ते ऐकलंबी नाही."

बायको ठणठणीत बरी होऊन घरी आली. पडताना माझ्या चष्म्याची काच तडकली होती, ती बदलून आणायला तिलाच जावं लागलं.

गेल्या वर्षी भामरेंच्याच हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना त्यांनी आपला चष्मा बायकोच्या हातात दिला आणि मला जवळ बोलावलं. "सर, नंतर काय असंल ते तुम्हीच सांगा तिले. फक्त चष्म्याले हात लावू नका. तिनं लय येळा पाहेल आहे ते."

"धोक्याबाहेर आहेत, एवढंच तर सांगायचंय मला," मी म्हणालो.

"मंग नीट सांगा. वाक्य चांगलं आहे."

दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते वाक्य ते बोलले नाहीत.

वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, भामरेंचा चष्मा पदरात धरून. मी हात पाठीमागे घट्ट बांधून चालू लागलो. रंगमंचावर हातांचं काय करायचं हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, पण त्या दिवशी मी ते हलू दिले नाहीत. मान ताठ ठेवली, चेहरा कोरा ठेवला. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला अभिनय हाच, असं मला त्यांच्यासमोर पोहोचेपर्यंत वाटत होतं.

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काढा तो चष्मा, सर," त्या म्हणाल्या. "पार भिजेल आहे."