पूना पोस्टचा बाराचा रिपोर्ट

कॅम्पातले दोन-चार म्हातारे सोडले, तर पुण्यात आता पूना कोणी म्हणत नाही. मला मात्र फौजेत सगळे पूनाच म्हणायचे.

भरती झाल्यावर ट्रंकेवर नाव, नंबर आणि गाव रंगवून घ्यावं लागे. आमच्या हडपसरच्या पेंटरला इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्याने आजोबांच्या पेन्शनच्या पुस्तकावरून अक्षरं जशीच्या तशी उतरवली: पूना. आजोबाही फौजेतलेच. खरं तर तेव्हा पेठांतले लोक हडपसरला पुणे मानायला तयार नव्हते. आता फ्लॅट घेताना मानतात. ट्रंक बरॅकमध्ये उतरली आणि माझं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं. 'पूना, इकडं ये.' 'पूनाला विचारा.' मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो. अख्खं शहर आपल्या नावावर आहे असं वाटायचं.

हवालदार झाल्यावर मला उत्तरेच्या सीमेवर पंधरा हजार फुटांवरची एक पोस्ट मिळाली. हाताखाली आठ जवान. कागदावर पोस्टला नंबर होता, पण आमच्या कंपनी कमांडर मेजर साहेबांनी रेडिओसाठी शहरांची नावं ठेवली होती. खालच्या पोस्टचं नाव झाशी. आमच्या पोस्टचं नाव काय ठेवायचं, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

झाशीहून दर तिसऱ्या दिवशी चार जणांची लिंक पार्टी यायची. रॉकेल, बॅटऱ्या, टपाल घेऊन. वाट दीड तासाची. शेवटची वीस मिनिटं एका उघड्या, बर्फाच्या उताराखालून. नियम साधा होता. पार्टी त्या उताराच्या सुरुवातीच्या वळणावर दिसली की पोस्ट कमांडरने बाहेर उभं राहायचं आणि शेवटचा माणूस आत येईपर्यंत नजर हलवायची नाही. तो आत आला की रेडिओ सेटवर 'पार्टी पोहोचली' असं सांगायचं. शिवाय दर तासाला कंपनीला ओके रिपोर्ट.

हा झाला नियम. वहिवाट वेगळी होती. तासाच्या रिपोर्टला पार्टी वाटेतच असली, तर कंपनीकडून दर पाच मिनिटांनी विचारणा सुरू व्हायची. म्हणून पार्टी वळणावर दिसली की आम्ही 'पोहोचली' सांगून मोकळे व्हायचो. वीस मिनिटांनी ती येतच असे. झाशीवाला करायचा, मीही करायचो. साहेबांनाही बहुधा ठाऊक होतं.

पार्टी घेऊन बहुतेक वेळा नाईक मनोहर भोयर यायचा. वर्ध्याकडचा. बोलायला कमी, चालायला पक्का. आत आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "पूना उस्ताद, चहा हाये ना?" एवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं.

त्या दिवशी पार्टी पावणेअकराला झाशीहून निघाली. आधीचे दोन दिवस बर्फ पडलं होतं, सकाळी उघडलं होतं. अकरा अठ्ठावन्नला चार माणसं वळणावर दिसली. पुढे भोयर. त्याने हात वर केला. मीही केला. वारा नाका-कानांत शिरत होता. बाराला मी आत गेलो आणि सेट उचलला.

"पूना बोल रहा हूँ. झाशी की पार्टी पहुँच गई. पूना ऑल ओके. ओव्हर."

"रॉजर, पूना. आउट."

रिपोर्ट देऊन मी बाहेर यायला हवं होतं. मी स्टोव्हपाशी बसलो. बाहेर एक संतरी होता, पण त्याचं तोंड सीमेकडे. मी हात शेकले, भोयरसाठी चहा टाकला. बारा दहाच्या सुमारास लांब काहीतरी गडगडल्यासारखं झालं. तिथं ते रोजचंच होतं.

बारा वीसला चहा उकळून आटायला आला, तरी दारात कोणी नव्हतं. मी बाहेर आलो. धुकं उतरलं होतं. उतार दिसत नव्हता. दोन-तीन हाका मारल्या. उत्तर नाही.

इथून पुढची पंचवीस मिनिटं मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाच सांगितली नव्हती. सेट हाताशी होता. 'पार्टी पोहोचलेली नाही' एवढंच बोलायचं होतं. पण वीस मिनिटांपूर्वी मीच ती पोहोचवली होती. खोटा रिपोर्ट उघडा पडेल, फीत जाईल, एवढंच डोक्यात आलं. भोयर डोक्यात नंतर आला.

सेटवरच्या जवानाने विचारलं, "उस्ताद, कंपनीला सांगू?"

"थांब जरा."

मी दोघांना बाहेर काढलं. "गुपचूप बघून या. वाटेत दम खात बसले असतील."

बारा पंचेचाळीसला त्यातला एक धापा टाकत परतला. उतारावरचं बर्फ वाटेवर आलं होतं. तिघे कमरेपर्यंत गाडलेले, पण जिवंत. भोयर दिसत नव्हता. मग मी सेट उचलला.

बर्फात खुपसायच्या लांब सळया आणि कुत्रं कंपनीकडे असायचं. त्यांच्या शोधपार्टीला यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर आम्ही फावड्यांनी, मग हातांनी उकरत होतो. चुकीच्या जागी. भोयर एक पन्नासला सापडला. चार फूट खाली. डॉक्टर साहेब म्हणाले, तोंडापुढे पोकळी होती, तासभर तरी श्वास चालला असावा. बारा दहाला मी बाहेर उभा असतो आणि तेव्हाच सेट उचलला असता, तर शोधपार्टी एकला पोहोचली असती. हा हिशोब मी तिथंच, बर्फात गुडघ्यांवर बसून केला. आजही तोच येतो.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "रिपोर्टच्या वेळी पार्टी कुठं होती?"

"सर, वळणावर दिसत होती."

आणखी खोदलं असतं तर वहिवाट सगळ्यांच्याच अंगाशी आली असती. त्यांनी मान हलवून लिहून घेतलं. बारा वीस ते पाऊण कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सेटवरचा जवान माझ्याकडे बघत गप्प राहिला. निष्कर्ष निघाला, नैसर्गिक आपत्ती. भोयरच्या घरी मी पत्र लिहिलं, 'आम्ही लगेच धावलो, हातांनी बर्फ उकरलं.' पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालो. गावात सत्कार झाला, फेटा बांधला. मी बांधून घेतला.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. बायको आत येऊन म्हणाली, "अहो, तुमच्या फौजेतल्या कोणाची तरी पोरगी हाय. बाहेर तरी या."

प्राजक्ता भोयर. वडील गेले तेव्हा दीड वर्षाची होती. आता आमच्या जुन्या शेतांच्या अंगाला उभ्या राहिलेल्या आयटी पार्कात नोकरी करते. माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तिने माझा पत्ता काढला होता.

"सॉरी काका, न कळवता आले. बाबांचं लास्ट लेटर आहे. त्यात पूना म्हणून कोणीतरी आहेत. आई म्हणाली, ते तुम्ही."

निळं आंतरदेशीय पत्र. भोयरचं डावीकडे झुकणारं अक्षर. 'शेवटचा रस्ता वाईट आहे. पण पूना बाहेर उभा राहून बघत असतो. तो बघतो तोवर काही होत नाही. काळजी करू नये.'

मी ते दोनदा वाचलं.

"आई अजून सांगते, तुम्ही हातांनी बर्फ उकरत होतात," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी थँक्यू म्हणायला आले."

बायकोने चहा आणला. ही पोरगी चहा पिऊन खुशीत निघून जाईल, आपण गप्प बसावं, हेही मनात आलं. गप्प बसायची सवय जुनी होती.

"प्राजक्ता, मी बघत नव्हतो," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. वर लिहिलंय तसं, वेळांसकट. बायकोही पहिल्यांदाच ऐकत होती. ती ट्रे हातात धरून उभीच राहिली.

प्राजक्ता पत्राची घडी घालत होती. जुन्याच घड्यांवरून, सावकाश.

"थंडी होती म्हणून आत बसलात?"

"हो."

"आणि नंतर, रिपोर्ट खोटा ठरेल म्हणून?"

"हो."

"आईला हे मी नाही सांगू शकणार. तुम्ही लिहून द्या. मराठीत, टायमिंगसकट. 'लगेच धावलो' वगैरे नको."

ती उठली. चहा तसाच होता. दाराशी थांबून म्हणाली, "मघाशी काका म्हणाले तुम्हाला. आता काय म्हणायचं, कळत नाहीये."

"काय बी म्हनू नको, पोरी," बायको म्हणाली. "जेवून जा."

ती थांबली नाही.

तीन आठवडे लिहितोय. कागद टपालाने पाठवणार होतो. बायको एवढंच म्हणाली, "पत्र एकदा पाठवलं व्हतंच की." म्हणून वर्ध्याचं तिकीट काढलं. इतक्या वर्षांत मी त्या घराची पायरी चढलेलो नाही. भोयरच्या बायकोसमोर आधी उभ्यानेच रिपोर्ट दुरुस्त करीन. त्यानंतर तिने बस म्हटलं तर बसेन.

भोयर अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने हात वर केला, तेव्हा मी त्याला दिसत होतो. त्यानंतर त्याने पोस्टकडे पुन्हा कधी पाहिलं असेल, आणि दारात कोणीच दिसलं नसेल, हे रोज मनात येतं.

पूना पोस्ट. बाराचा रिपोर्ट. झाशीची पार्टी पोहोचलेली नाही. नाईक मनोहर भोयर अजून बाहेर आहे.