आलं काय?

मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा एक अख्खा पावसाळा मी असं समजून काढला की बातम्या दोन बहिणी सांगतात. एक पुढे बसते आणि दुसरी तिच्या खांद्यामागून डोकावते. दोघींची साडी एक, कुंकू एक, तोंडंही एकदम हलायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. जुळ्यांना एकाच ठिकाणी नोकरी लागली असेल, म्हटलं. मी तेव्हा मॅट्रिक पास होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती.

ती दुसरी बहीण आमच्या घरात आली माझ्यामुळेच.

तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ही कवायत ठाऊक असेल. एक माणूस कौलांवर अँटेना धरून उभा, एक माणूस खाली टीव्हीसमोर. वरचा इंचाइंचानं नळी फिरवणार, खालच्यानं ओरडून सांगायचं. आमच्या आळीत वरचा माणूस ठरलेला. ह्यांचे मित्र, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायची. शिडीच्या पायथ्याशी चपला काढून ठेवणार, त्याही रस्त्याकडे तोंड करून. कमरेला सुतळीनं पाना बांधलेला, कारण एकदा तो हातातून सुटून आमच्या तुळशीत पडला होता. कौलं फुटू नयेत म्हणून वाशावरच पाय ठेवत मांजरासारखे वर जाणार. टेकडीवरच्या टॉवरकडे एक डोळा मिटून बघणार. मग वरून हाक यायची.

"आलं काय?"

त्या दिवशी खाली मी होते. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, आणि एकदम बाई दिसली. मी ओरडले, "आलं, आलं." त्यांनी नट आवळला आणि उतरून दुसऱ्या घरी गेले. गणपतीत आरतीला आले तेव्हा टीव्हीकडे बघून थबकले.

"वहिनी, हे असंच दिसतं काय कायम?"

"असंच. दोघी असतात."

ते हसले नाहीत. हे मात्र इतके हसले की हातातली झांज खाली पडली. भाऊजींनी मला समजावून सांगितलं की चित्र एकदा टॉवरवरून सरळ येतं आणि एकदा डोंगरावर आपटून मागाहून येतं, म्हणून दुसरी बाई. मग म्हणाले, "एक करा. आलं असलं तरच आलं म्हणा. नसलं तर नाही म्हणा, मी हवा तितका वेळ उभा राहीन. तुम्ही आलं म्हणालात की मी नट आवळतो."

त्यानंतर मी इतकी काटेकोर झाले की त्यांनाच कंटाळा यावा. "आलं, पण तिचा डावा कान नाही आला." मग कानासाठी ते पाऊण तास वर.

स्वतः ते टीव्ही बघत नसत. "मी वरचा माणूस ओ, खालचं मला काय कळत नाही," म्हणायचे. वरचं मात्र सगळं ठाऊक. कोणाच्या कौलांवर फणसपोळी वाळतेय, कोणी रिकाम्या बाटल्या लपवल्यात. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की आळीतल्या एका कट्टर शाकाहारी घराच्या माडीवर सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, वाळत घातलेले दिसले. कोणाच्या, ते सांगेनात. मी पुष्कळ चहा पाजला, वर चकल्या दिल्या. चकल्या खाल्ल्या, पाणी प्याले आणि म्हणाले, "वर दिसलेलं खाली आणायचं नसतं, वहिनी." त्या चकल्यांचं मला अजून वाईट वाटतं.

मग डिश आल्या. कंपनीची पोरं मीटर घेऊन येत, तो मीटर पिप पिप करी, खाली कोणी उभं राहायची गरजच नव्हती. भाऊजी डिश लावायला शिकले, पण मीटर घेतला नाही. घरोघर त्यांची तीच हाक, आणि घरातली पोरं मोबाइलमधून मान वर न काढता "हां" म्हणत. हळूहळू त्यांना बोलावणं बंद झालं. टेकडीवरचा टॉवरही बंद झाला. लोखंड उभं आहे, त्यातून काही निघत नाही.

आमचे हे गेले तेव्हा भाऊजी आले, खांदा दिला. निघताना अंगणात थांबून वर बघितलं आणि म्हणाले, "अँटेना वाकलाय." जुना अँटेना मी काढला नव्हता, त्यावर कावळे बसत. मी म्हटलं, "असू दे." एवढंच आमचं बोलणं झालं. मला त्या दिवसांतलं बाकी फारसं आठवत नाही. हा अँटेना आठवतो.

दोन पावसाळ्यांनी त्यांची बायको गेली. मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी बसले, उठले, आले.

माझा मुलगा बोटीवर असतो. सुट्टीवर येताना त्यानं कुठल्याशा परक्या बंदरातून डिशचा नवा रिसीव्हर आणला आणि त्याच्या पाठीत खुपसायची आगपेटीएवढी एक डबी. "आई, पावसात डिश गेली की तू ओरडतेस ना? ही डबी साध्या अँटेनावरून, हवेतून चॅनेल पकडते. फुकट." रिसीव्हर डिशवर छान चालला. डबीला काही सापडेना. तोवर त्याची सुट्टी संपली. बोटीवरून फोनवर म्हणाला, "तिकडे हवेत काही सोडतच नसतील तर ती काय दाखवणार? ठेवून दे."

ठेवूनच देणार होते. पण भाऊजींची सून भाजीच्या गाडीवर भेटली आणि मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून, डबीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दारात. सुतळी, पाना, सगळं.

"बघू काय आहे ते."

पहिल्या दिवशी डबीचा दिवाच लागेना. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, हिला रिसीव्हरमधून वीज पुरत नाही. पुढच्या खेपेला वेगळा चार्जर आणून जोडला, दिवा लागला. मग अँटेनाच्या वायरची पिन डबीत बसेना, तर घरी नेऊन कथलाचा डाग देऊन जोड करून आणला. मग वायर तपासली, एका टोकाला सेल आणि दुसऱ्याला छोटा बल्ब लावून. मग वाकलेला अँटेना सरळ केला, गंजलेल्या काड्या बदलल्या. दर वेळी शेवटी मी रिमोट दाबायची, पडद्यावर निळी पट्टी सरकत सरकत टोकाला जायची आणि खाली अक्षरं यायची. सापडलेले चॅनेल, शून्य.

आता कौलं जाऊन घरावर स्लॅब आलेला. गच्चीवरून हाक यायची, "आलं काय?"

"नाही आलं."

"नाही?"

"नाही, भाऊजी."

"बरं. थांबा हां."

मी एकदा म्हटलं, "टॉवर बंद आहे ना पण?"

ते म्हणाले, "मोठ्या शहरांत नवं चालू झालंय म्हणतात. आपल्याकडेही केलं असेल. आपल्याला कोण सांगायला येतंय?" त्यांनी टेकडीकडे पाहिलं. "इतकं लोखंड उगाच कोण उभं ठेवील?"

मला ठाऊक होतं, मुलगा सांगून चुकला होता. तरी मी गप्प बसले, कारण त्यांच्या सुनेनं मला फोन केला होता. "काकी, तुमच्याकडे यायचं असलं की बाबा दाढी करतात. एरवी उठतसुद्धा नाहीत. त्यांना नको म्हणू नका."

म्हणून नको म्हटलं नाही. आठवड्यातून एकदा तरी यायचे. मी आंबोळ्या करून ठेवायची. जाताना ते पुढच्या वेळचा मुद्दा सांगून जात. "पुढल्या खेपेला बूस्टर काढून बघू." "पुढल्या खेपेला उंची वाढवू." मला त्या डबीतून काही नको होतं. तसं मला कशातूनच काही नको होतं. पण त्या सकाळी मी केस विंचरून बसायची, हेही आता लिहूनच टाकते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. ऊन रणरणत होतं. त्या दिवशी त्यांनी अँटेनाला आणखी एक नळी जोडून उंची वाढवली होती. ती पेलण्यासाठी ते कठड्यावर चढले होते. मी अंगणात येऊन वर पाहिलं. त्यांचा लेंगा हलत होता, वारा नसताना.

"भाऊजी, खाली या."

"आलं काय ते बघा आधी."

मी आत गेले. निळी पट्टी टोकाला गेली. शून्य. पुन्हा नाही म्हटलं असतं तर ते आणखी उंच चढले असते. मी रिमोटवर डिशचा चॅनेल लावला, आवाज मोठा केला. बातम्या चालू होत्या, बाई एकटीच होती. मी ओरडले, "आलं."



मग नट आवळल्याचा आवाज आला. नेहमीसारखा, सावकाश, शेवटी एक जोराचा पीळ.

ते खाली उतरले. नळावर हात धुतले. एरवी चित्र आलं की ते दारातून वाकून एकदा बघत, टीव्ही बघायला नाही, आपलं काम बघायला. त्या दिवशी आत आलेच नाहीत. पडवीत बसून चहा घेतला, आंबोळी अर्धी ठेवली. मी म्हटलं, "छान दिसतंय हो." ते म्हणाले, "होय?" सुतळी सोडून पान्याला गुंडाळली, चपला पायात सरकवल्या आणि गेले. पुढल्या खेपेचं काही बोलले नाहीत.

बोलणार काय? चित्र आलं होतं. मॅट्रिक पास बाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात ते आले नाहीत. पुढच्याही नाही. मी आंबोळीचं पीठ भिजवत राहिले आणि शेजारी वाटत राहिले. फोन करावा असं रोज ठरवायची. काय सांगू, आलेलं गेलं म्हणून सांगू? ते खरंही नव्हतं. मग तेही ठरवायचं बंद झालं. दिवस जात होते, मी त्यांना जाऊ देत होते.

आंब्याला मोहोर आला त्या सुमारास ते गेले. झोपेतच, म्हणाले लोक. मी गेले तेव्हा त्यांना खाली उतरवून ठेवलं होतं. दाढी वाढलेली होती. मला रडू आलं नाही. मी त्यांच्या दाराबाहेरच्या चपला बघत होते. कोणीतरी त्या आत तोंड करून ठेवल्या होत्या. मी वाकून त्या फिरवल्या.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची सून आमच्याकडे त्यांचा पाना घेऊन आली. तुमच्याकडे असू दे, म्हणाली. पडवीत त्यांच्याच जागी बसली. मी चहा ठेवला आणि विचारलं, दिवाळीनंतर मध्ये कधी माझ्याकडचं काही बोलले होते का. तिनं साधेपणानं सांगितलं, तिच्या मनात काही नव्हतं.

"मी विचारलं ना काकी त्यांना. म्हटलं, बाबा, आता काकींकडे का जात नाही? तर म्हणाले, 'वहिनी दमल्या गो. नसलेलं आलं म्हणाल्या. आता त्यांना त्रास द्यायचा नाही.'"