किसनआबांच्या वीस फेऱ्या

किसनआबांचा मला अजून राग येतो. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

पिंपळगाव राजाच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो, त्याच आठवड्यात ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. साठी ओलांडलेले, भाजीपाल्याचा मळा करणारे गृहस्थ. माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाले, "गुर्जी, याच्यात सेकंदाचा काटा हाय का?" होता. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांच्या विहिरीच्या काठावर!

दम लागतो म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. आबा भयंकर चिडलेले. "इंजन बंद ठेवलं तं जाम होते. मानूस का येगळा हाय?" विहिरीत पोहत कडेकडेनं वीस फेऱ्या, त्याही पंधरा मिनिटांच्या आत, हा हट्ट. गाव म्हातारचळ म्हणून हसे. आबा पारावर उभे राहून शिव्या हासडत आणि सकाळी पुन्हा उडी टाकत. अठरा मिनिटांवरून सोळावर आले. तिथं घोडं अडलं, आणि मग वेळ वाढायला लागली. सतरा सांगितली की तोंड एवढंसं होई, दिवसभर कुणाशी धड बोलत नसत. मला बघवेना. एका सकाळी मी सरळ चौदा सांगून टाकली. मूर्खपणा, दुसरं काय!

आबा ओल्या अंगानंच पारावर गेले. मास्तर तुमचाच माणूस, कोण मानतो, असं लोक म्हणाले. झालं! आबांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरला घड्याळासकट विहिरीवर आणलं. सगळ्यांसमोर अठरा मिनिटं भरली. त्यानं अठराच सांगितली.

लोक हसले, त्याचं आबांना काहीच नव्हतं. ते माझ्यापाशी आले. आवाजही चढवला नाही.

"पडलेल्या लेकराले आपन खोटं सांगतो, का लागलं नाही म्हनून. मले काऊन लेकरू केलं, गुर्जी?"

त्यानंतर काठावर कंपाउंडर बसू लागला. मी दोनदा माफी मागितली. आबा "हाव," म्हणून मान डोलवत आणि वांग्यांना पाणी सोडत राहत.

चार वर्षांनी आबांनी अंथरूण धरलं. पोरं, सुना, सगळे एकच सांगत होते, दोन दिवसांत उठाल. मी उशाशीच बसलो होतो. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, आणि या वेळी मी एका अक्षराची फिरवाफिरव करणार नव्हतो. आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि दाराशी उभ्या कंपाउंडरला जवळ बोलावलं.

"तू सांग बे. किती राह्यलं?"

"उद्याचा दिवस निघनार नाही, आबा."

"बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले.

अहो, मला विचारून तरी बघायचं होतं!