एकटीचं ताट

संध्याकाळचे सात वाजले की मुलींच्या वसतिगृहात दोन आवाज एकदम सुरू होतात. खाली मेसमध्ये स्टीलची ताटं आपटायला लागतात आणि पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, सुलोचनाबाईंच्या गळ्यातला फोन वाजायला लागतो. फोन त्यांनी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलाय. हातात धरायची सोय नाही, कारण हातात कधी झाडू, कधी औषधाची बाटली, कधी कुणाचं हरवलेलं ओळखपत्र असतं.

"हॅलो, काकू? तळेगावहून बोलतो जी. रीताची माय."

"बोला."

"जेवली का पोट्टी?"

"जेवली."

"पोटभर?"

"पोटभर."

"काय होतं आज?"

"वांगं-आलू, वरण, पोळी, भात."

"वांगं तं खात नाई ते!"

"खाल्लं बाई. मागून घेतलं."

रीता या क्षणी कुठे आहे, याचा सुलोचनाबाईंना पत्ता नसतो. एकशे चाळीस पोरी, तीन मजले, मेसपर्यंत अठरा पायऱ्या आणि वर्ध्याच्या डॉक्टरने 'जिना कमी करा' म्हणून सांगितलेले दोन गुडघे. एका फोनला एकदा खाली जाऊन बघायचं म्हटलं, तर आठवड्यात पाय हातात येतील. म्हणून 'जेवली'. ऐकणारीचा जीव भांड्यात पडतो, सांगणारीचं काही जात नाही.

कागदोपत्री त्या मदतनीस. गाव हिंगणी. बोर धरणाकडच्या रस्त्याला दोन एकर आहे, ते नवरा रूपराव बघतो. पंधरा दिवसांतून एकदा त्या गावी जातात, भांडी घासून, झाडून-पुसून, दुसऱ्या दिवशी परत. सतरा वर्षं झाली. रेक्टर मॅडम नागपूरहून अपडाऊन करतात. पाचच्या गाडीला निघाल्या की फाटकाच्या आतलं सगळं सुलोचनाबाईंचं. फळ्यावर नंबर मॅडमचा आहे, पण पालकांकडे असतो तो यांचा. कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता जसा हातोहात फिरतो, तसा तो जिल्हाभर फिरतो.

आणि त्या नुसतं 'जेवली' म्हणतात असंही नाही. नव्या आईबापांना त्या बरंच शिकवतात. "रविवारी दहाच्या आत येऊ नका, पोरी झोपून राह्यते." "डब्यात दही देऊ नका, फसफसते." "फोन लावला की पह्यले मार्क नका विचारू. मार्क विचारले की पोरगी 'नेटवर्क नाई' म्हणते." "रडली तं रडू द्या. लगेच गाडी काढून येऊ नका. आठ दिवसांनी येजा." आईबाप मान डोलावतात आणि चौथ्या दिवशी गाडी काढून येतात.

सिंदी रेल्वे गावचे अण्णाजी मात्र आले नाहीत. किराणा आणि सरकी-ढेपेचं मोठं दुकान, घरात दोन भाऊ, दोघांच्या बायका, म्हातारी, पोरंसोरं मिळून चौदा माणसं. या घरातली पहिली मुलगी शिकायला बाहेर पडली, ती सुरभी. प्रवेशाच्या दिवशी फाटकातच अण्णाजींनी ठणकावलं होतं, "मॅडम, मी घरच्यांशी भांडून आणलं हिले. पण जरा काही कमीजास्त झालं, की त्याच दिवशी घरी घेऊन जाईन. मंग शिक्षण गेलं चुलीत." सुरभी बापाच्या मागे उभी राहून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होती.

त्यानंतर रोज सात वाजता, दुकानातला दिवा लावून झाला की, अण्णाजींचा फोन.

"जेवली का?"

"जेवली."

"बरं."

एवढंच. मुलीला ते फोन करत नसत. का, तर तिचा अभ्यास मोडतो.

महालक्ष्म्यांच्या सणाला सुरभी तीन दिवस घरी जाऊन आली आणि आल्यापासून तिचं काहीतरी बिनसलं. तिच्या खोलीतली सरिता एकदा जिन्यात सुलोचनाबाईंना आडवी आली. "काकू, सुरभी संध्याकाळी मेसमध्ये येतच नाई. मुरमुरे खाते अन् झोपते. आता तं सकाळचंही सोडलं."

सुलोचनाबाईंनी सुरभीला बोलावलं. ती आली, दारातच उभी राहिली.

"काऊन व? जेवण पसंत नाई?"

"जेवण ठीक आहे काकू."

"मंग?"

सुरभीने दाराची कडी खालीवर केली. मग एकदम, "काकू, एकटीनं ताट घेऊन बसता येत नाई मले. घरी आम्ही सगळ्या बाया मिळून बसतो. मी जन्मात एकटी जेवली नाई. इथं सगळ्यांचे आपापले टेबल ठरले. मी ताट घेऊन उभी राह्यतो, तं सगळ्या मलेच पाहून राह्यल्या असं वाटते. घास उतरत नाई."

"सरिताजवळ बस."

"तिचं टेबल भरलेलं असते."

सुलोचनाबाई दोन दिवस स्वतः तिच्याशेजारी जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, कर्मचाऱ्यांनी मुलींच्या टेबलावर बसायचं नाही. आणि खरं सांगायचं तर सुलोचनाबाईंना हायसं वाटलं. तेवढाच एक जिना वाचला.

त्या दिवशी खोलीतून जाताना सुरभीने त्यांचा हात धरला होता. "काकू, बाबाले सांगू नका. मले इथंच राह्यचं आहे. त्याईले कळलं तं घेऊन जातीन. जेवली म्हणा."

मग काय. रोज शंभरदा निघणारा शब्द, आणखी एकदा निघाला. पुण्याहून मुलगा धीरज फोन करतो, "जेवली का माय?" म्हणून, तेव्हा रिकाम्या पोटी खाटेवर पडल्या पडल्या त्या हाच शब्द वापरतात. वीस दिवस गेले.

रविवारी सकाळी गरम पाण्याच्या रांगेत सुरभी बादलीसकट खाली कोसळली.

दवाखान्यातल्या सिस्टरने बीपी बघितलं, पापणी ओढून बघितली. "पोटात काही आहे का हिच्या? कोरडी ठाक आहे पोरगी." ग्लुकोजचं पाणी पाजलं. तासाभराने ती उठून बसली, तोंड मात्र चुन्यासारखं पांढरं. मॅडमना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "पालकांना कळवा. पण नीट कळवा, सुलोचनाबाई. व्हायरल आहे म्हणा. सध्या सगळीकडे आहेच."

खाटेवरून सुरभीही तेच म्हणाली. "ताप आला म्हणा, काकू. तुमच्या पाया पडतो."

सुलोचनाबाईंनी फोन लावला. ताप म्हणायचं जिभेवर तयार होतं. पण ताप म्हटला की उद्या 'उतरला का' विचारतील, परवा 'गोळ्या कोणत्या' विचारतील, मग मॅडमला काय सांगितलं आणि बापाला काय सांगितलं हे ध्यानात ठेवायचं. खोटं सांभाळायला अंगात ताकद लागते. त्यांच्या अंगात ती उरली नव्हती.

"अण्णाजी, सुरभीले चक्कर आली. आता बरी आहे. ते वीस दिवसांपासून नीट जेवत नाई."

पलीकडे तराजूत काहीतरी खणकन पडलं. "बाई, काल तं तुम्ही जेवली म्हणाल्या."

"खोटं बोलली मी."

साडेबाराला अण्णाजी आणि सुरभीची आई विमलाबाई फाटकात. विमलाबाईंच्या हातात तिखट पुऱ्यांचा डबा, अण्णाजींच्या डोक्यात पोरीला घेऊन जायचं. सुरभीला आणून पालकांच्या बाकावर बसवलं होतं. विमलाबाई पोरीच्या गळ्यातच पडल्या. अण्णाजी पोरीकडे न जाता सुलोचनाबाईंवर आले.

"वीस दिवस! रोज सात वाजता तुमच्या तोंडून ऐकतो मी. तुमच्या भरोशावर पोरगी ठेवली. तुम्हाले लेकरंबाळं आहे की नाई?"

"आहे."

"मंग? त्याच्याबद्दल कोणी असं खोटं सांगतलं असतं तं?"

"शिव्या द्या अण्णाजी. मॅडमजवळ तक्रार करा. माझं चुकलंच." सुलोचनाबाई बाकाच्या कडेला टेकल्या, उभं राहून ऐकून घेण्याइतके गुडघे शिल्लक नव्हते. "पण तुम्ही वीस दिवस मले विचारलं. तिले एकदाही नाई."

"तिले काय विचारू? आमच्या घरी पोरी बापाशी अशा बोलत नाई."

"मंग माझ्याजवळून तरी काय कळणार होतं? जेवली म्हणाले काय लागते? मी बसल्या जागी एकशे चाळीस पोरी जेवू घालतो."

विमलाबाईंनी डोळे पुसता पुसता तोंडावर पदर घेतला. हसू होतं की रडू, कळलं नाही.

"ते काही नाई," अण्णाजी म्हणाले. "सुरभी, ऊठ. बॅग भर."

सुरभी उठली नाही. चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"ऐकू येऊन राह्यलं का? साडेतीनची गाडी आहे."

सुरभीने मान वर करून बघितलं ते सुलोचनाबाईंकडे. काकू, तुम्हीच सांगा ना, असं सगळं त्या बघण्यात होतं. सुलोचनाबाईंना ते बघणं चांगलं ओळखीचं. सतरा वर्षं दोन्हीकडचं असं बघणं त्यांनी अंगावर घेतलं होतं. "माझ्याकडे नको पाहू," त्या म्हणाल्या. "मी आता कोणाचंच सांगत नाई. थकली मी. तुझा बाप आहे, तू सांग."

फाटकाबाहेर एक ऑटो थांबला, कुणीतरी उतरलं, ऑटो गेला.

"मले राह्यचं आहे, बाबा."

"मंग जेवत काऊन नाई?"

"एकटीनं जेवता येत नाई."

"म्हणजे?"

"लाज वाटते."

आता अण्णाजी ओरडणार, म्हणून सुलोचनाबाईंनी डोळे मिटून घेतले. ओरडणं काही आलं नाही. उघडून बघितलं, तर अण्णाजी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, टोपी मांडीवर.

"मी बत्तीस वर्षांपासून दुकानात एकटाच जेवतो," ते म्हणाले. हे त्यांनी पोरीला सांगितलं की फाटकाला, ते ठरवणं अवघड होतं. "पोत्यांच्या मागं. नवीन नवीन होतो, तं मलेही जमे नाई. डबा उघडला की गिऱ्हाईक येऊन उभं. माझ्या तोंडात घास, अन् तो म्हणते, पाव किलो साखर द्या. लाज वाटे. झाकण लावो अन् डबा तसाच घरी आणो."

विमलाबाईंचा पदर तोंडावरून खाली आला. "म्हणून भरला डबा वापस ये का? मले तं म्हणत, भूक नव्हती! मी समजली, माझी भाजी आवडत नाई. वर्षभर सासूबाईले विचारून विचारून फोडणी बदलवली मी!"

"तुले काय सांगू आता."

"तेव्हाच सांगाचं होतं ना!"

सुरभी पहिल्यांदाच बापाकडे नीट बघत होती. "मंग तुम्ही काय केलं, बाबा?"

"काय करतो? एक दिवस लय भूक लागली. दाराकडे पाठ करून बसलो. गिऱ्हाईक दिसलंच नाई, तं लाज कोणाची? अन् पह्यला घास मोठा घ्याचा. तोंड भरलेलं असलं, की कोणी बोलत नाई."

"भिंतीकडे तोंड करून बसू? हसतीन पोरी."

"हसू दे. हसता हसता त्यांचंच वरण थंडं होईन."

सुरभीला हसू फुटलं, आणि हसतानाच रडू आलं. विमलाबाईंनी डबा उघडून एक पुरी तिच्या हातात कोंबली. ती तिने खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला नको म्हणाली, तर बापाने 'खा' म्हटलं नाही.

"पंधरा दिवस पाहातो," अण्णाजी उठताना म्हणाले. "तोवर वजन कमी झालं, तं काहीच ऐकणार नाई." मग सुलोचनाबाईंकडे वळले. राग गेलेला नव्हता. "तुमच्यावर भरोसा आता राह्यला नाई, बाई."

"बरोबर आहे."

"तिलेच फोन करीन."

"सातले करू नका. तेव्हा ते जेवत राहीन. साडेआठले करा. अन् जेवली का एवढंच विचारून ठेवून देऊ नका."

"मंग काय विचारू?"

हा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता. सुलोचनाबाईंनी थोडा विचार केला. "आज दुकानात काय झालं, ते सांगा. विचारू नकाच काही."

साडेतीनच्या गाडीने दोघं गेली. मॅडमचा फोन आला, उद्या दहाला ऑफिसात या म्हणून. आवाजावरून कशाला ते कळत होतं. पालकाने तक्रार केली नव्हती, पण व्हायरल म्हणायला सांगितलेलं यांनी म्हटलं नव्हतं.

सात वाजता सुलोचनाबाई कठडा धरत धरत मेसच्या दारापर्यंत उतरल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर सुरभी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मागच्या टेबलावर दोघी एकमेकींना कोपर मारत होत्या. सरिताने एकदा वळून बघितलं आणि परत आपल्या घोळक्यात बोलायला लागली. सुरभीचे कान लाल झालेले दारातून दिसत होते. दीड पोळी झाली, भाजी तशीच उरली. भाताला उठली नाही. पण ताट ठेवायला गेली ती पळत गेली नाही, चालत गेली.

गळ्यातला फोन वाजला.

"काकू? तळेगावहून. जेवली का जी रीता?"

शब्द ओठावर आलाच होता. सुलोचनाबाईंनी मेसभर नजर फिरवली. रीता नव्हती.

"थांबा बाई. पाहून सांगतो."

"पाहून म्हणजे? रोज तं..."

"चालू ठेवा फोन."

अठरा पायऱ्या चढून त्या पहिल्या मजल्यावर आल्या. रीताची खोली दुसऱ्यावर. तिथवर पोचेपर्यंत फोनमधून "काकू? काकू?" चालूच होतं, आणि मध्ये मध्ये दुसरा कुणीतरी टुंग टुंग करत होता. दार ठोठावलं. केस ओले, कानात गाण्याच्या तारा, अशी रीता बाहेर आली.

"जेवली का व?"

"नाई, आता जातो. काऊन?"

सुलोचनाबाईंनी गळ्यातली पिशवी काढून तिच्या हातात दिली. "माय आहे तुझी. तूच सांग."

रीता बोलत बोलत खोलीत गेली. सुलोचनाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही गुडघे दोन्ही हातांनी चोळायला लागल्या. अजून नऊ फोन यायचे होते.