पहिल्या रसाची तबकडी

दहाव्याला कावळा शिवेना.

खाडीच्या काठावर बायकोचा पिंड ठेवला होता. माडांवर कावळे होते, नव्हते असं नाही. एक तर खाली उतरून पिंडाभोवती फिरला आणि परत गेला. अशा वेळी आमच्याकडे समजतात की गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलं आहे. मग घरचे एकेक जण पुढे होऊन मोठ्याने सांगतात, तुझं अमुक करू, तमुक करू, आता जा. ज्याच्या बोलण्याला कावळा येतो, त्याने बोललेलं वर्षश्राद्धापर्यंत पुरं करायचं.

मुलगा म्हणाला, "आये, बाबांक मी बघतलंय." कावळा जागचा हलला नाही. मुलगी म्हणाली, "तुझी गाय आमी इकूचंव नाय." तरी नाही. माझ्या भावजयीने तिच्या तुळशीला रोज पाणी घालायचं सांगितलं. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. माझा मेव्हणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तोंडाचा फटकळ. तो माझ्याकडे वळला.

"भावजी, तुमी कित्या गप? जल्मभर तुमचीच वाट बघल्यान ना तिना? तुमीच काय ता बोला."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तोंडातून गेलं, "तुझी ती रेकॉर्ड मी हाडतलंय गो. पयल्या रोसाची. हाडून तुका ऐकवतलंय."

कावळा आला. भात चोचीत घेऊन गेला.

मेव्हणा रडायला लागला. मुलगा विचारत होता, कुठली रेकॉर्ड, कुठली रेकॉर्ड. कावळ्याला भूक लागली असेल, मी आजही तेच म्हणतो. पण शब्द गेला तो गेला.

कुठली रेकॉर्ड ते आता सांगतो.

मी बोटीवर स्वयंपाकी होतो. परदेशी मालाच्या बोटी, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. बंदराला लागलं की बाकीचे लोक घड्याळं, कापड, सेंट बघत फिरायचे. मी जुन्या बाजारात लहान रेकॉर्ड शोधायचो. दोन्ही बाजूंना एकेकच गाणं असतं ती. गोऱ्या लोकांची त्या काळची नाचायची, प्रेमाची गाणी. शब्द मला कळत नव्हते. मी चौथी शिकलेला. इंग्रजी अक्षरं मी त्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावरून शिकलो, तीही मोठीच तेवढी.

एका बंदरात एक म्हातारा दुकानदार होता. त्याने मला पहिल्या छापाची रेकॉर्ड कशी ओळखायची ते दाखवलं. कारखान्यात साचा नवा असतो तेव्हा निघालेली रेकॉर्ड वेगळी वाजते. पुढे साचा झिजतो, मग नवा करतात, गाणं तेच पण आवाजाला ती धार नसते. रेघा संपतात तिथून कागदापर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. त्या पट्टीवर खिळ्याने कोरल्यासारखे आकडे असतात. शेवटी एक असला तर पहिला साचा. तेव्हापासून मला दुसरी रेकॉर्ड चालेना. जहाजावर लोक मला वेडा म्हणायचे. म्हणोत.

घरी आल्यावर बायकोला मी हे सगळं समजावत बसलो. ती नारळ खवत होती. म्हणाली, "म्हणजे नारळाच्या रोसासारख्याच ना? पयलो पिळलो तो दाट. मगे चोथ्यात पाणी घालून पिळतंव, तो दुसरो. रंग पांढरोच, पण चव खंय?"

मला जे सांगायला अर्धा तास लागला, ते तिने किस हातात दाबता दाबता सांगून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात पहिल्या छापाची रेकॉर्ड म्हणजे पहिल्या रसाची.

त्यातली एक तिची होती. म्हणजे मी आणलेलीच, पण तिची. निळा कागद, त्यावर रुपेरी अक्षरं. एक बाई गाते. मागे वाद्यं थोडीच, आणि बाईचा आवाज वर वर चढत जातो.

ती म्हणायची, "ही बाय कोणाक तरी हाका मारता. तो काय येवचो नाय."

"तुका काय कळता त्यातला?"

"येवचो आसतो तर इतक्या मोठ्यान मारूक नको होती."

मी बोटीवर असताना ती हे गाणं लावायची. मला ते शेजारच्यांकडून कळलं. मी घरी असताना मात्र नाही. मी एकदा म्हटलं, लाव की. म्हणाली, "आता तुमी आसास. आता तिचा काय काम?"

आमच्याकडची हवा खारी. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते, कितीही वेखंड घाला. एका मे महिन्यात मी घरी नव्हतो. बायका पावसाआधी सगळं घर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, काढून उन्हाला घालतात. मिरच्या, सुकी मासळी, कोकमाची सोलं, गाद्या. तिने पेटी उघडली तर पाकिटांना वास येत होता. तिने काय करावं? हीच रेकॉर्ड आधी काढली, जिवापाड जपलेली म्हणून आधी काढली, आणि सोलांच्या शेजारी सुपात घालून उन्हात ठेवली. सोलं परतायला गेली तेव्हा रेकॉर्ड अळवाच्या पानासारखी वळली होती.

बाकीच्या पेटीतच राहिल्या म्हणून वाचल्या.

मी आलो तेव्हा ती रेकॉर्ड जात्याखाली होती. तिला वाटलं, दडपून सरळ होईल. पावसाळाभर ती जात्याखाली ठेवली. सरळ झालीही, दिसायला. वाजवली तर बाई पाळण्यात बसून गात असल्यासारखी, आवाज वर जातो, खाली येतो.

मी ती परत पाकिटात घातली. तीच म्हणाली, "वरडा तरी." कशाला ओरडू? आमच्या घरात जी वस्तू सादळते ती उन्हातच जाते.

पुढे एका बंदरात मला तेच गाणं मिळालं. निळाच कागद. पण आकडा दुसऱ्या साच्याचा. तरी घेऊन आलो. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग पदर झटकत उठली. "ह्यो दुसरो रोस," म्हणाली, आणि चुलीकडे गेली. पुन्हा तिने ते कधी लावलं नाही. मी बोटीवरून कायमचा घरी आलो तरी अधूनमधून विचारायची, "माझी ती बाय गावली काय हो?" मी नाही म्हणायचो. आजारात शेवटी शेवटी तिने ते विचारणं सोडलं. माझ्या मनात ते राहिलं असणार, म्हणून खाडीवर तोंडातून गेलं.

मुलगा मुंबईला नोकरीत. त्याने फोनवर ते गाणं शोधलं, बोट लावलं, लागलं. "बाबा, ह्या बघा. झाला ना?"

"कावळ्याक मी फोन म्हटलेलंय काय रे?"

मग त्यानेच परदेशातल्या विकणाऱ्यांना विचारलं. फोटो आले. सगळ्यांत निळा कागद छान दिसायचा, पण ती गुळगुळीत पट्टी कोणी दाखवेना. एकाला त्याने तेवढाच फोटो मागितला, तर त्याने उत्तरच दिलं नाही.

मी म्हटलं, राहू दे. आपल्या किनाऱ्यावरून थोडे लोक बोटीवर गेले काय? कोणाच्या तरी माळ्यावर असेल. ज्या ज्या घरातला माणूस बोटीवर होता, तिथे जायला लागलो. लोक चहा देत. रेकॉर्डींचं म्हटलं की हसत. कणकवलीत एका घरी भिंतीवर शोभेला लावल्या होत्या, मधोमध खिळा मारून. मी चहा तसाच टाकून उठलो. वर्ष सरत आलं. मी जेवायचं विसरायचो, पण एसटीच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

कसालच्या बाजारात एक जुना रेडिओ दुरुस्त करणारा आहे. त्याने सांगितलं की शिरोड्यात एक म्हातारी आहे, तिचा नवरा बोटीवर होता, तिच्याकडे पेटीभर आहेत.

गेलो. नारळीच्या बागेत घर. म्हातारी माझ्याच वयाची, पायरीवर बसून झाडूसाठी झावळीच्या पात्यांतून हीर काढत होती.

"तुमी खंयचे?"

"मालवणचो."

"आणि रेकॉर्डी बघूक हंयपर्यंत इलास? घरात कोण रागावणारा नाय वाटता."

"रागावणारी गेली. वर्स होईत इला."

तिने हातातला कोयता खाली ठेवला. मग पेटी काढून दिली. तिच्या नवऱ्याला समज होती. सगळ्या रेकॉर्डी उभ्या लावलेल्या, प्रत्येकीला आत वेगळा कागद. निळा कागद दिसला, ती ओढून काढली. खिडकीशी नेली, तिरकी धरली. डोळ्यांना दिसेना म्हणून नखाने चाचपलं. शेवटी एकच उभी रेघ. एक.

मी तिला सगळं सांगितलं. कावळा, जातं, दुसरा रस, सगळं. म्हटलं, "वयनी, माझी अख्खी पेटी घेवा. ही एक माका देवा."

"माका तुमच्या पेटयेचा काय करूचा? माझ्या घोवान हाडलेली ही. तेची वस्तू मी देवचंय नाय."

"मी तिका सबूद दिलंय."

"तुमी दिलास. मी दिलंय?"

खरं होतं. मी म्हटलं, निदान एकदा वाजवा. तिचं मशीन नवरा गेल्यावर बंद पडलं होतं, सुईही गंजली होती. "तो गेलो तेवापासून मीव ऐकलंय नाय," म्हणाली. निघताना तिने विचारलं, "वर्सश्राद्ध केदवा?" मी दिवस सांगितला, घर कुठे तेही सांगितलं. निरोप देताना माणूस उगाच विचारतं तसं तिने विचारलं, असं मला वाटलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी घरात वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. मुलं आली होती. मेव्हणा आला, त्याने मला काही विचारलं नाही, तेच मला जास्त लागलं. मी ठरवलं होतं, कावळ्यासाठी केळीच्या पानावर वाडी, म्हणजे त्याचा घास, ठेवायची आणि मोठ्याने सांगायचं, गावली नाय गो. खोटं बोलून काय मिळणार होतं?

वाडी वाढत होते तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. शिरोड्याची म्हातारी उतरली. हातात जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलेलं.

"देवची नाय म्हटलंय," ती माझ्याकडे न बघताच बोलली. "वाजवची नाय असा खंय म्हटलंय? मशीन खंय आसा?"

मुलाने प्लेअर खळ्यात आणला. भावजय कुजबुजली, "शिरादाक गाणी लावतत काय?"

मेव्हणा तिच्यावर उखडला. "तुझ्या तुळशीक कावळो नाय इलो, ह्या गाण्याक इलो. गप रव."

छपरावर पान ठेवलं. मी रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली. आधी थोडी खरखर. मग ती बाई.

इतक्या वर्षांत मी हे गाणं असं कधी ऐकलंच नव्हतं. बंदरावर दुकानात ऐकलं ते विकत घेणाऱ्याच्या कानाने. घरी ती लावायची तेव्हा मी पाण्यावर. आता पहिल्यांदा मी घरी बसून ऐकत होतो आणि ती बाहेर होती. बाई हाका मारत होती. येणार नाही हे तिला माहीत आहे, बायको म्हणायची ते बरोबर होतं. शब्द कळायची गरज नव्हती.

कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही. मी सुईकडे बघत होतो. मागून मेव्हणा म्हणाला, "भावजी, शिवलो." मी मान हलवली. सुई उचलायला माझा हात जाईना, म्हातारीनेच ती उचलली.

ती जेवली, खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. मी तिला एसटीच्या थांब्यावर सोडायला गेलो. तबकडी परत त्याच कापडात होती. मी मागितली नाही.

"माझ्या दहाव्याक कावळो नाय शिवलो तर तुमका निरोप येतलो," ती म्हणाली. "मशीन घेवन येवा."

"आणि मी आदी गेलंय तर?"

"तर मी येतलंय. आज काय मी चलत इलंय? रिक्षा मिळता."

एसटी आली. ती चढली आणि खिडकीशी बसली. तिथे ऊन येत होतं. तिने मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं, उठली, आणि पलीकडच्या सावलीच्या बाकावर जाऊन बसली.